एकतीस गुंठ्यांत घर बसत नाही

पुरंदर तालुक्यातलं सोनोरी हे मल्हारगडाच्या पायथ्याचं गाव. रविवारचे पुणेकर गावातला पानशांचा वाडा बघतात आणि गड चढायला लागतात. जमिनीच्या कागदांत ज्यांचा दिवस जातो, त्यांना मात्र सोनोरी वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. महाराष्ट्रात गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा पहिला प्रयोग या गावात झाला. आधी घराघराच्या हद्दीवर चुन्याच्या फक्कीने रेघा ओढायच्या, मग वरून ड्रोन फिरवून फोटो घ्यायचे आणि त्या फोटोंवरून नकाशा करायचा, अशी ती रीत. पुढे २४ एप्रिल २०२०ला केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली आणि अशा ड्रोन-मोजणीला देशभर सुरुवात झाली.

ड्रोन आपलं काम चटकन करतो. वेळ जातो तो फक्कीला. फक्कीचं घमेलं घेतलेला माणूस आळीत शिरला, की चाळीस वर्षं कुणी न काढलेले विषय निघतात. दोन भिंतींमधला बोळ कुणाचा? माझ्या पत्र्याच्या पागोळ्या तुझ्या ओट्यावर पडतात, मग ओटा पुढे आला की पत्रा? बखळ जागेत पडक्या भिंतीचं जोतं उरलंय, त्याचे वारस मुंबईत, शेणी थापतात शेजारचे. रेघ कुठून न्यायची? ग्रामसेवक, सरपंच, भूमी अभिलेखचा माणूस आणि पाच-सहा वयस्कर मंडळी उभी राहून तोडगा काढतात. तोडगा निघाला नाही, तर तेवढा तुकडा वादग्रस्त म्हणून नोंदवून पुढच्या घराकडे जातात.

एवढी जुनी वस्ती आणि मोजणी आत्ता कशी, याचं उत्तर जवळजवळ दोनशे वर्षं मागे आहे. १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी आणि आकारणी बसवली. तीच पद्धत नंतर मुंबई इलाख्यात पसरली. सरकारला मोजायचं होतं ते सारा देणारं रान. घरांखालची जमीन सारा देत नव्हती. म्हणून वस्तीभोवती एक हद्द आखली गेली, तिला गावठाण म्हटलं, आणि आत कुणाचं काय याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मोठ्या गावांना पुढे सिटी सर्व्हे झाला, मिळकत पत्रिका मिळाल्या. बाकीच्या हजारो गावांत शेताला सातबारा होता, घराला मात्र काहीच नव्हतं.

काहीच नव्हतं म्हटलं की गावातली माणसं चमकतात. "असं कसं? नमुना आठ आहे की!" ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे आकारणीची नोंदवही. कोणत्या घराला किती घरपट्टी, हे तीत असतं. त्यावर नाव असणं म्हणजे पट्टी भरणारा कोण हे कळणं. मालकीचा तो पुरावा होत नाही, असं न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. सातबाऱ्यालासुद्धा महसूल अधिनियमाच्या कलम १५७ने दिलंय ते एवढंच, की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरावी. गावाचा विश्वास मात्र या दोन कागदांवर आणि शेजाऱ्याच्या साक्षीवर चालत आला. चालला, कारण घर विकायचं कुणाच्या मनात नव्हतं आणि त्यावर कर्ज द्यायला बँक तयार नव्हती.

या लेखासाठी फिरताना एक गोष्ट पक्की होत गेली. गावात घर बांधण्याचा असा कायदा आपल्याकडे जवळजवळ नाही. आहेत ते जमिनीचे कायदे. घर कसं आहे, कोण राहणार, किती माणसांना छप्पर हवंय, हे सगळं नंतर. आधी विचारलं जातं, जमीन कुठली आणि ती तुझ्याकडे कशी आली. ज्याच्याकडे गावठाणात आजोबांची जागा आहे, त्याला हे प्रश्न फारसे अडवत नाहीत. ज्याच्याकडे पैसा आहे, तो उत्तरं विकत आणतो. अडतात ते गावचेच, पण गावठाणात ज्यांचा वाटा संपलाय किंवा कधी नव्हताच, असे लोक.

गावठाणातल्या माणसाचं आधी उरकून टाकतो, कारण त्याचं खरंच सोपं झालंय. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५२ सांगतं की ग्रामपंचायतीच्या पूर्वपरवानगीशिवाय गावात इमारत बांधायची नाही. प्रत्यक्षात कुदळ आधी पडायची, चौकट बसायची, वास्तुशांत व्हायची आणि घरपट्टी लावून घ्यायच्या वेळी अर्ज लिहिला जायचा. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्या मागोमाग २०२१मध्ये ग्रामविकास विभागाने गावांसाठी सवलत जाहीर केली. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १,६०० चौरस फुटांपर्यंत असेल, तर मालकीचे कागद, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीला द्यायचा, विकास शुल्क भरायचं आणि काम सुरू करायचं. त्याच्या पुढे ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे ३,२०० चौरस फुटांपर्यंत, ग्रामपंचायतीने दहा दिवसांत शुल्क कळवायचं आणि शुल्क भरल्यावर दहा दिवसांत परवानगी द्यायची. नगररचना खात्याकडे खेटे घालायचे नाहीत.

चांगला बदल आहे. फक्त त्यात "मालकीचे कागद" हे दोन शब्द आहेत, आणि गाडी परत सोनोरीच्या चुन्यावर येते. शिवाय नकाशा नियमात बसतो की नाही, याची सगळी जोखीम आता अभियंत्याच्या सहीवर. तालुक्याच्या गावी अशी सही देणारे चार जण असतात. त्यातले दोन जागेवर येतात.

आता वेशीबाहेर जाऊ.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात एका गावी दोघे भाऊ आहेत. थोरला शेती बघतो. धाकटा इचलकरंजीत यंत्रमागावर जातो आणि रात्री गावात परततो. गावठाणातलं घर म्हणजे सोपा, मागे दोन खोल्या आणि परड्यात न्हाणी. दोन संसार, चार शाळकरी पोरं आणि आई. सोप्यावर वीस वर्षांपूर्वी स्लॅब टाकला, त्यामुळे घरकुलाच्या यादीत नाव येत नाही. धाकट्याला आपल्या रानात दोन खोल्या काढायच्या आहेत. रान त्याच्या नावावर आहे, विहिरीत हिस्सा आहे, वीज आहे. वडिलांचं बासष्ट गुंठे बागायत होतं, ते गेल्यावर वाटणीपत्र झालं आणि दोघांच्या सातबाऱ्यावर एकतीस-एकतीस गुंठे लागले.

इथे महसूल अधिनियमाचं कलम ४१ येतं. शेतकऱ्याने शेतात शेतघर बांधायला बिगरशेती परवानगी लागत नाही, हे गावात सगळ्यांना पाठ असतं. अर्धंच पाठ असतं. महापालिका, नगरपालिका आणि त्यांच्या भोवतीचा पट्टा, तसंच प्रादेशिक योजना लागू असलेला भाग, इथे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. आणि ती द्यायला अट आहे: धारणक्षेत्र किमान ०.४ हेक्टर, म्हणजे चाळीस गुंठे, म्हणजे एकर. ०.४ ते ०.६ हेक्टरपर्यंत एकच इमारत, जोत्याचं क्षेत्र १५० चौरस मीटरपर्यंत. त्याहून मोठ्या रानात सगळ्या इमारतींचं जोतं मिळून रानाच्या चाळिसाव्या हिश्शाएवढं किंवा ४०० चौरस मीटर, यातलं जे कमी ते. त्यात राहतं घर १५० मीटरच्या आतच.

हिशोब केला तर गंमत दिसते. गंमत म्हणजे धाकट्याच्या दृष्टीने नाहीच. वडील असताना, बासष्ट गुंठ्यांच्या एका सातबाऱ्यावर, दीडशे मीटरचं ऐसपैस घर नियमात बसत होतं. वाटणीची नोंद झाली त्या दिवशी दोघांपैकी कुणालाच खोपटंही नियमात बांधता येईना.

"बापाचं होतं तवा बसत होतं," धाकटा म्हणाला. "आमचं झालं तवा बसंना."

गावात सगळे ज्यांना अण्णा म्हणतात असे एक निवृत्त सर्कल शेजारी बसले होते. त्यांनी मान हलवली. "मी आता पोरांस्नी एकच सांगतो. वाटणी घालायच्या आधी घराची परवानगी काढा. तहसीलला रावसाहेबांसमोर वाटणीचे कागद घेऊन जाता, त्याच्या अगोदर सहा महिने या. कुणी येत नाही. घर आठवतं ते भांडण झाल्यावर."

एकराची ही अट मुळात धनिकांसाठी घातली गेली असावी, असं मला वाटतं. शेतघराच्या नावाखाली शहराभोवती बंगले उठू नयेत, हा हेतू उघड दिसतो आणि तो वाईट नाही. पण कायदा जागच्या जागी राहिला आणि शेत आटत गेलं. कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१मध्ये महाराष्ट्रातली सरासरी शेतजमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ला ती १.३४ हेक्टर झाली. ही सरासरी. पंचगंगेच्या काळ्या रानात सलग चाळीस गुंठ्यांच्या मालकाला आता मोठा शेतकरी समजतात.

धाकट्याला दुसरी एक वाट होती, आणि ती जेमतेम दीडशे मीटरने हुकली. अलीकडच्या दुरुस्त्यांनी महसूल अधिनियमात कलम ४२-ड घातलंय. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतली जमीन राहण्याच्या कामासाठी बिगरशेती झाल्याचं मानायचं. रूपांतर कर आणि इतर देणी भरली की तहसीलदारांनी सनद द्यायची. पूर्वी कलम ४४खाली अर्ज टाकून खात्याखात्यांच्या ना-हरकती गोळा करत हिंडायचे, त्या मानाने ही फारच मोकळी वाट. जिथे अधिकाऱ्याने मनावर घेतलंय तिथे सनदा मिळाल्याही आहेत. पण दोनशे मीटरची रेघ धाकट्याच्या रानापर्यंत पोचतच नाही. ती त्याच्या अलीकडच्या शेजाऱ्याच्या उसातून जाते. शेजाऱ्याला घर बांधायचं नाही. तो प्लॉट पाडणार आहे.

आपलं रान गावठाणापासून नेमकं किती दूर, हे पाहायला धाकट्याने मोजणी मागवली होती. ऊस उभा असताना मोजणी करायची म्हणजे पाल्यातून वाट काढायची आणि चार पावलांवरचं काही दिसायचं नाही. म्हणून कारखान्याची तोड झाल्यावर तारीख मिळाली. सकाळी भूकरमापक आले. पूर्वी फळा, साखळी आणि झेंड्या असायच्या. आता खांबावर बसवलेला रोव्हर आणि हातात टॅब. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या होत्या. चार जण आले, पाचव्याने नोटीस घेतली नव्हती. जुने हद्दीचे दगड शोधायला अर्धा तास गेला. एक दगड बांधाच्या कडेला सापडला. दुसरा शेजाऱ्याच्या गोठ्याच्या पायरीत होता. तो तिथे कसा गेला, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी फार विचारलंही नाही. खुणा पडल्या, थोरल्याने तिथल्या तिथे खुंट्या ठोकल्या, पंचांच्या सह्या झाल्या. "क प्रत कधी मिळंल, साहेब?" धाकट्याने विचारलं. "ऑफिसला या की, पंधरा दिवसांनी बघू," साहेब म्हणाले आणि टॅब पिशवीत घातला.

मोजणीत आणखी एक कळलं. रानात जायची वाट ज्या बांधावरून आहे, तो बांध कुठल्याही नकाशात रस्ता म्हणून नाही. बैलगाडी जात होती तोवर ते कुणाच्या लक्षात आलं नाही. घर बांधायचं तर वाळूचा डंपर आत आला पाहिजे. कलम १४३खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात, मामलेदार न्यायालय अधिनियमाने, तो १९०६चा आहे, अडवलेली वहिवाट मोकळी करता येते. पण तो रस्ता शेताला जायचा. घराला जायचा रस्ता म्हटलं, की शेजारी वकील गाठतो.

मग धाकटा काय करणार? गावातले बहुतेक करतात तेच. रात्रीत खांब उभे राहतील, महिन्याभरात पत्रा पडेल, ग्रामपंचायत घरपट्टी लावील, कारण पट्टी लावल्याने ग्रामपंचायतीचं उत्पन्न वाढतं आणि पट्टी लावणं म्हणजे बांधकाम कायदेशीर ठरवणं होत नाही. घरपट्टीच्या पावतीवर विजेचा मीटर येईल. तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, दिसेल. भाऊसाहेब गावचेच, ते डोळे मिटतील किंवा महसूल अधिनियमाच्या कलम ४५ची नोटीस काढतील. दंड भरला की काही वर्षं शांतता. गृहकर्ज मात्र कुणी देणार नाही. बांधकामाला पतसंस्थेचं वैयक्तिक कर्ज, त्याचं व्याज जास्त. बेकायदा घराची खरी किंमत तिथे मोजावी लागते.

आता याच एकराच्या अटीकडे दुसऱ्या टोकाने पाहू. पुण्याहून मुळशीकडे किंवा मावळात निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक लागतात. "सातबारा नावावर", "रोड टच", "डॅम व्ह्यू", "११ गुंठे फार्महाऊस प्लॉट". अकराच का? १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचा व्यवहार करता येत नाही. २०२३मध्ये सरकारने बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे केलं. अकरा गुंठे बागायत दाखवले की खरेदीखत होतं, सातबाऱ्याला नाव लागतं. विकणारा खोटं काहीच बोलत नाही. फक्त "फार्महाऊस" हा शब्द फलकावर लिहिताना, शेतघराला चाळीस गुंठे लागतात हे तो सांगत नाही. घेणारा आंब्याची कलमं लावतो, तारेचं कुंपण घालतो आणि मग त्याला कळतं की यंत्रमागावरच्या धाकट्याची आणि त्याची अडचण एकच आहे. पुढे तो चाकावरचं कंटेनर-घर आणून ठेवतो आणि "हे बांधकामच नाही" म्हणतो. हा युक्तिवाद किती टिकेल, ते त्याच्या वकिलाने बघावं.

अर्थात त्याआधी तो शेतकरी असायला हवा. कुळवहिवाट अधिनियमाचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेऊ देत नाही. त्यासाठी गावाकडच्या सातबाऱ्यावर आजोबांचे वारस म्हणून नाव लावून घेणाऱ्यांची तहसिलात रांग असते. कुळकायद्याने मिळालेली, इनाम वतनाची, भोगवटादार वर्ग-२ची जमीन असेल तर सातबाऱ्यावर तसा शेरा असतो. आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल अधिनियमाचे कलम ३६ आणि ३६-अ आडवे उभे राहतात. शहरातला माणूस दर, धरणाचं पाणी आणि सूर्यास्त विचारतो. इतर अधिकार हा रकाना वाचत नाही.

तुकड्यांच्या बाबतीत सरकारची स्वतःची धरसोड मोठी आहे. जुलै २०२१मध्ये नोंदणी खात्याने परिपत्रक काढून मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्या-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवणं थांबवलं. मे २०२२मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. जुने बेकायदा तुकडे नियमित करायला २०१७च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम मागितली. एवढी भरायला कोण येणार? २०२४मध्ये ती ५ टक्क्यांवर आणली. जुलै २०२५मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत रहिवासी क्षेत्रातल्या गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना तुकडेबंदीतून मोकळं करण्याची घोषणा केली. ज्याने २५ टक्के वेळेत भरले, त्या प्रामाणिक माणसाला काय वाटत असेल, हे विचारायला मी असा एक जण शोधत होतो. भेटला नाही.

कोकणातला गुंता निराळा, आणि तो मी इथे अर्धाच उलगडतो. तिथे जागा असते. नावं फार असतात. गणपतीला आलेला चाकरमानी मातीचं घर उतरवून चिऱ्याचं बांधायचं ठरवतो आणि सातबारा काढतो, तर सामायिक खात्यावर तीस-पस्तीस नावं, त्यातली निम्मी वारलेली. वारस लावायचे, एक डोंबिवलीला, एक बडोद्याला, एका आत्याचं सासर कुठलं ते आता कुणालाच आठवत नाही. सगळ्यांची संमतीपत्रं मिळेपर्यंत दोन पावसाळे जातात आणि भिंत खचते. किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. २०११च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरचा पट्टा नव्या बांधकामाला बंद होता. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे २०११च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१पेक्षा जास्त माणसं असतील तिथे, तो पन्नास मीटरवर आणला. विरळ गावं दोनशेवरच राहिली. याच किनाऱ्यावर अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा सुमारे ३३,००० चौरस फुटांचा बंगला उभा होता. यंत्रांना दाद देईना, तेव्हा ८ मार्च २०१९ला खांबांत सुरुंग भरून तो उडवावा लागला. त्याची बातमी झाली. ओटीला दोन फूट पुढे पत्रा काढला म्हणून नोटीस घेऊन बसलेल्या कोळ्याची होत नाही.

नियम नुसते छळण्यासाठी आहेत, असा सूर या लेखाला लागत असेल तर तो इथे थांबवतो. एकास पाचपेक्षा जास्त चढाच्या उतारावर बांधकाम करायचं नाही, या नियमामागे माणसं गाडली जाण्याची भीती आहे. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं मेली. माळीण जुनंच गाव होतं, त्याला हा नियम कुणी लावला नसता हे खरं. पण आज डोंगर कापून प्लॉट पाडणाऱ्याला तो लावता येतो आणि लावला जात नाही, याचा राग आला पाहिजे.

पूररेषेचंही तसंच. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं घर नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन वर्षांच्या अंतराने पंचगंगेने शिरोळ-हातकणंगल्यातल्या नदीकाठच्या गावांना जे दाखवलं, त्यानंतर कुणी या रेषेशी वाद घालत नाही. फक्त जुनी गावठाणंच नदीला खेटून वसलेली आहेत. आत राहायचं तर निळी रेषा, उंचावरच्या रानात जायचं तर चाळीस गुंठे. पुरात पोरांना खांद्यावर घेऊन बाहेर आलेला माणूस रानातल्या शेडमध्ये महिनाभर राहिला, आणि तेच शेड त्याला पक्कं करता येत नाही. या दोन नियमांची एका टेबलावर कधी गाठ घालून दिली गेलेली नाही.

आणि ज्यांच्याकडे गुंठाच नाही? प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण सपाट भागात १ लाख २० हजार रुपये देते, किमान पंचवीस चौरस मीटरचं घर, हप्त्याहप्त्याने. पहिल्या हप्त्याआधी जागा कुणाची ते विचारतात. भूमिहीनाला जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. तिच्यात पाचशे चौरस फुटांसाठी पन्नास हजार मिळत, ते नंतर लाख झाले. गायरानात वर्षानुवर्षं राहिलेल्यांच्या डोक्यावर वेगळी टांगती तलवार: २०११च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, आणि २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्यातल्या गायरानांवरच्या दोन लाखांवर बांधकामांचा प्रश्न आला, तेव्हा नोटिसा निघाल्या, मोर्चेही निघाले.

धाकट्याच्या गावात अशी एक विधवा मावशी आहे. ती दोघा भावांच्या उसात भांगलणीला येते. घरकुल मंजूर आहे, जागा नाही. "लाखात गुंठा कोण देतंय, बाबा?" ती म्हणते. राहते ती दिराच्या गोठ्याला लागून. मार्च २०२४मध्ये तुकडेबंदीच्या नियमांत एक बदल झाला: विहीर, शेतरस्ता आणि घरकुल यांसाठी छोटा तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने विकता येतो. घरकुलाला एका लाभार्थ्यामागे हजार चौरस फुटांपर्यंत. अण्णांनी हे धाकट्याला समजावून सांगितलं. त्याने दोनदा विचारून खात्री केली.

"म्हंजे माझ्या रानात मावशीचं घर हुईल?"

"मंजुरी मिळाली तर हुईल."

"आन माझं?"

अण्णा हसले. धाकटाही हसला आणि मग म्हणाला, द्यायला हरकत नाही, दराचं थोरल्याला विचारून सांगतो. मावशीने पंचायत समितीत अर्जाचा नमुना मागितला आहे. वाट बांधावरूनच जाणार असल्यामुळे शेजाऱ्याची सही लागेल, असं तिथल्या कारकुनाने तिला सांगितलं.